घरांची बखर : ‘श्यामची आई’ आणि कोकणचा किनारा

मालवणच्या किनाऱ्यावर इतिहास हा शब्द उच्चारला की पाहणाऱ्याची दृष्टी आपोआप समुद्रातल्या किल्ल्याकडे वळते. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला व जो १६६७ साली पुरा झाला, त्या सिंधुदुर्गास बखरकार लाभले, कवी लाभले, संशोधक लाभले. परंतु किल्ल्यासमोरच्या माडांच्या सावलीत जी शेकडो घरे उभी राहिली, त्यांचा इतिहास कोणी लिहिला? कोणत्या घरात कर्ज कसे शिरले, कोणत्या वर्षी भावाभावांची वाटणी झाली, कोणता मुलगा आगबोटीने मुंबईस गेला आणि त्याची आई त्याच्यावाचून कशी वारली, ह्याची नोंद ना सरकारी दप्तरात सापडते, ना देवळातल्या शिलालेखात. घराचा इतिहास लिहावयाचे काम, इतिहासकाराने ते अंगावर घेतले नाही म्हणून, आमच्या भाषेत कादंबरीने केले आहे. आणि कोकणातील घराचा असा जो सर्वांत सच्चा इतिहास मराठीत आहे, त्याचे नाव ‘श्यामची आई’ हे होय.

साने गुरुजींचे जन्मगाव पालगड हे दापोली तालुक्यातले. ते आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. पण ही जिल्ह्यांची वाटणी अगदी अलीकडची आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला. त्यापूर्वी दापोली काय, मालवण काय आणि वेंगुर्ले काय, सारे एका रत्नागिरी जिल्ह्याचेच तालुके होते. बोलीचा फरक होता, खाण्यापिण्याचा फरक होता. परंतु खोतीची जमीन, लाल मातीची उतरण, वर्षातून चार महिने बंद पडणारा समुद्र आणि मुंबईकडे लागलेले डोळे ही उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सारखीच होती. म्हणून पालगडच्या घराची ही हकिगत मालवणच्या वाचकाला परक्या मुलखातली कधीच वाटली नाही.

पुस्तकाची जन्मकथा बहुतेकांस ठाऊक आहे. तरी ती थोडक्यात सांगणे येथे अवश्य आहे. पांडुरंग सदाशिव साने ह्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी झाला. त्यांची आई यशोदाबाई २ नोव्हेंबर १९१७ रोजी वारली. मुलाला तेव्हा अठरावे वर्ष चालू होते, आणि तो शिक्षणासाठी घरापासून दूर होता. पुढे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षे शिक्षकाचे काम केल्यावर १९३० साली ते राष्ट्रीय चळवळीत पडले व तुरुंगात गेले. दुसऱ्या तुरुंगवासात, नाशिक येथे, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी आईच्या आठवणी लिहावयास प्रारंभ केला आणि १३ तारखेच्या पहाटे हातावेगळ्या केल्या. दिवसा तुरुंगाचे काम आणि उरलेल्या वेळी हे लेखन, असा तो क्रम होता. काही प्रकरणांची भर मागाहून पडली आणि १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्रींची ही गुंफण आहे.

मृत्यू आणि लेखन ह्यांमध्ये पंधरा वर्षांहून अधिक काळ गेला, ही गोष्ट वाचकाने लक्षात घ्यावी. हे ताज्या दुःखाचे पुस्तक नव्हे. तेहतीस वर्षांचा एक पुरुष, ज्याला तुरुंगाच्या भिंतींमुळे कोठेही जाता येत नाही, तो ज्या वेळी जावयास हवे होते त्या वेळी आपण पोहोचलो नाही, ह्या एका गोष्टीकडे पाच दिवस वळून पाहत आहे. ‘श्यामची आई’ हे मातेच्या थोरवीचे पुस्तक म्हणून शाळांतून वाचले जाते, आणि ते चुकीचे नाही. परंतु आमच्या मते त्याचा कणा थोरवी हा नसून अंतर हा आहे. जवळ असलेल्या मुलाला आईने काय दिले आणि दूर गेलेल्या मुलाला आईला काय देता आले नाही, ह्या दोन टोकांमध्ये हे पुस्तक ताणलेले आहे.

हे अंतर पडले कशामुळे? येथे कादंबरी ही इतिहासाची साक्षीदार होते. श्यामचा आजोबा खोत. घरात धान्य, गुरे, गडीमाणसे. पण खोतपण म्हणजे नेहमी श्रीमंती नव्हे. सरकारात सारा भरावयाचा, कुळांकडून वसूल करावयाचा, आणि ह्या दोहोंमध्ये घराचा मान सांभाळावयाचा, अशी ती कसरत होती. भावांची वाटणी झाली, वडील घरातून वेगळे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, सावकाराचे व्याज वाढत गेले आणि शेवटी जप्तीची दवंडी दाराशी आली. वसुलीसाठी आलेला सावकाराचा माणूस घरच्या बाईसंबंधी जीभ सैल सोडतो, तो प्रसंग ज्याने वाचला आहे, त्याला ह्या काळातील कर्जाचा अर्थ आकडेवारीवाचून कळतो. १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली; तिचे फायदेतोटे अर्थशास्त्र्यांनी मोजले. परंतु एका प्रतिष्ठित घराच्या पडझडीत त्या घरातल्या बाईचे काय झाले, हे मोजण्याचे माप कादंबरीखेरीज दुसरे नव्हते.

घर खचले की मुलगा बाहेर पडतो. कोकणात हा नियमच होऊन बसला होता. मुंबईच्या गिरण्यांतून व गोदीतून रत्नागिरी जिल्ह्याच्या माणसांचा भरणा इतका मोठा होता की, किनाऱ्यावरच्या गावात कर्ते पुरुष शिमग्याला आणि गणपतीलाच दिसावयाचे. त्यांना ‘चाकरमानी’ हे नाव पडले ते ह्याच व्यवस्थेतून. हर्णै, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे आगबोटीने मुंबईस जोडली होती. बोट बंदराबाहेर उभी राही. पडावातून उतारू काठाला येत. आणि काठावर उभी असलेली म्हातारी माणसे प्रत्येक चेहरा निरखून पाहत. पावसाळ्यात मात्र हा मार्ग बंद. त्या चार महिन्यांत घरात कोणी आजारी पडले तर तार जाई, पत्र जाई. पण माणसाला यावयाचे तर घाट उतरून, नद्यानाले ओलांडून, बैलगाडीने वा पायी. ‘शेवटची भेट झाली नाही’ हे वाक्य कोकणातल्या जुन्या घरांतून इतक्या वेळा ऐकू येते की, त्याला खाजगी दुर्दैव म्हणणे कठीण आहे. तो समुद्राचा, रस्त्यांचा आणि दारिद्र्याचा एकत्रित निकाल होता.

ह्या पार्श्वभूमीवर श्यामच्या नव्या कोटाची गोष्ट वाचावी. दापोलीस शिकत असलेला श्याम खाऊसाठी मिळालेले पैसे पैसा पैसा करून साठवतो, धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि पावसापाण्यातून तो घेऊन गणेश चतुर्थीस घरी येतो. बंधुप्रेमाचा धडा म्हणून ही गोष्ट मुलांना सांगतात. परंतु किनाऱ्यावरच्या वाचकाला तिच्यात आणखी एक चित्र दिसल्यावाचून राहत नाही. गणपतीला घरी येणारा, पाठीवर धाकट्यांसाठी नवे कपडे आणणारा, स्वतःच्या पोटाला चिमटा घेतल्याचे कोणाला न सांगणारा, असा हा चाकरमानीच होय. फक्त अजून त्याला मिसरूड फुटलेले नाही. श्याम मोठा केव्हा झाला, असे कोणी विचारले तर आम्ही ह्या प्रसंगाकडे बोट दाखवू. घरात राहून तो मुलगाच राहिला असता. घरापासून दूर गेल्यावर तो घरासाठी काही आणणारा झाला.

आईचे सारे शिक्षणदेखील, लक्षपूर्वक पाहिले तर, निरोपाची तयारी आहे. अंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलाला ती मनाच्या स्वच्छतेची आठवण देते. पोहावयास भिऊन माळ्यावर लपलेल्या मुलाला ती मारून पाण्याकडे धाडते, आणि तो पोहून आल्यावर त्याच मारलेल्या अंगावरून हात फिरवते. पत्रावळ लावावयास शिकत नाही म्हणून त्याचे पान अडते. भाजीत मीठ नसताना वडील निमूटपणे जेवून उठतात. करणाऱ्याचे मन मोडू नये, हे मुलांना त्या अळणी घासातून कळते. ही सारी शिकवण कशासाठी? घरात राहणाऱ्या मुलाला तिची इतकी गरज नसते. चूक झाली तर सावरावयास आई आहेच. पण ज्याला एके दिवशी अनोळखी गावात, दुसऱ्याच्या घरी वार लावून जेवावयाचे आहे, त्याला घर बरोबर नेता आले पाहिजे. पेटी जड होऊ नये अशा बेताने आई मुलाची शिदोरी बांधते, तशीच ही शिकवण बांधलेली आहे. ज्या समाजात मुलगे घर सोडून जाणार हे ठरलेलेच असते, तेथे संस्कार ह्या शब्दाला हा अर्थ येतो.

आणि मग तो दिवस येतो. त्यापूर्वी लहान भाऊ यशवंत ह्याच्या मृत्यूने घरात दुःखाचा एक प्रवेश होऊन गेलेला असतो. परंतु ते दुःख सर्वांनी मिळून सोसलेले असते. आईच्या वेळी तसे होत नाही. श्याम घरी पोहोचतो तेव्हा आई गेलेली असते. जगातल्या वाङ्मयात ह्या प्रसंगाची भावंडे आहेत. डिकन्सचा डेव्हिड कॉपरफील्ड शाळेत असताना त्याची आई वारते आणि त्याला परत यावे लागते ते अंत्यविधीसाठी. गॉर्कीच्या ‘बालपण’ ह्या पुस्तकाचा शेवट आईच्या मृत्यूने होतो, आणि पोराला जगात पोट भरण्यास बाहेर पडावे लागते. ह्या दोन्ही ठिकाणी आईचा मृत्यू हा घराचा शेवट आहे; त्यानंतरचा मुलगा एकटा आहे आणि त्याची कथा एकट्याच्या कर्तबगारीची आहे. श्यामच्या बाबतीत उलट घडते. आई गेल्यावर घर संपत नाही. धाकट्या भावंडांचे कोणी करावयाचे, वडिलांना कोणी धीर द्यावयाचा, हे प्रश्न त्याच क्षणी उभे राहतात. शोक हा वाटून घ्यावयाचा असतो आणि वाटून घेताना नाती पुन्हा नव्याने बांधावयाची असतात, ही समज कोकणच्या घराने श्यामला दिली होती.

ह्याच पिढीतला, ह्याच किनाऱ्याशी जोडलेला दुसरा एक शिक्षक येथे आठवतो. विष्णु सखाराम खांडेकर हे साने गुरुजींहून जेमतेम दोन वर्षांनी वडील. ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीस जन्मलेल्या ह्या मुलाचे मूळ नाव गणेश आत्माराम. १९११ साली वडील वारले. १९१६ साली सावंतवाडी संस्थानातील नानेली येथील सखाराम खांडेकरांना तो दत्तक गेला, आणि बापाबरोबर त्याचे जन्मनावही मागे राहिले. १९२० साली हा तरुण वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्यास शाळामास्तर म्हणून आला आणि १९३८ पर्यंत तेथे राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. त्याच वर्षी त्याची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी अमळनेरचा मास्तर शाळा सोडून तुरुंगाच्या वाटेस लागला.

दोघेही कुमारवयात पोरके झालेले, दोघेही खेड्यापाड्यांतल्या मुलांचे शिक्षक. तरी दुःखाने दोघांस वेगळ्या वाटा दाखविल्या. शिरोड्यास लिहिलेल्या ‘उल्का’ ह्या १९३४ च्या कादंबरीत खांडेकरांनी एका ध्येयवादी शिक्षकाच्या मुलीला तिची कथा स्वतःच्या तोंडाने सांगावयास लाविले. स्वतःच्या पोरकेपणाची हकिगत मात्र त्यांच्या आत्मकथेत राहिली, आणि ती ‘एका पानाची कहाणी’ ह्या नावाने १९८१ साली, ते निवर्तल्यानंतर, प्रसिद्ध झाली. साने गुरुजींनी ती कल्पितकथेचा पडदा फारसा न घेता ऐन तारुण्यात सांगून टाकली. ‘उल्का’च्या सुमारासच, १९३४ मध्ये, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग आला आणि लगेच पुढच्या वर्षी ‘श्यामची आई’. राजवाड्यांत व रणांगणांत रमलेली मराठी गद्याची दृष्टी ह्या दोन वर्षांत चुलीपाशी येऊन बसली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

‘श्यामची आई’वर जो आक्षेप पुष्कळदा येतो तो हा की, हे पुस्तक फार रडते. आक्षेपात तथ्यांश आहे. काही रात्री अश्रूंनी इतक्या भिजल्या आहेत की, प्रसंगाची रेषा पुसट होते. परंतु आमच्या मते याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे आणि तो पुस्तकावर नसून वाचकांवर आहे. आम्ही ह्या आईची पूजा केली आणि तिचे कष्ट विसरलो. पुस्तक मात्र ते विसरलेले नाही. खोताच्या घरी सून म्हणून आलेली ही बाई शेवटी शेजारणीकडे मोलाचे काम मागते. तेल असले तर मीठ नसते अशा दिवसांतून ती संसार ओढते. तापाने अंग मोडले तरी तिला अंथरूण धरण्याची सवड नसते. तिच्या सहनशीलतेला देव्हाऱ्यात बसवून सुना-लेकींकडून तशाच सहनशीलतेची अपेक्षा करणे म्हणजे ह्या पुस्तकाचा उलटा अर्थ लावणे होय. मुलगा रडतो तो आई थोर होती म्हणून नव्हे. तिच्यावर इतका भार पडला आणि तो हलका करावयास आपण जवळ नव्हतो, म्हणून तो रडतो. ज्या घरात एका माणसाच्या झिजण्यावर सर्वांचे प्रेम उभे असते, त्या घराविरुद्धची ही अत्यंत कोमल शब्दांतली तक्रार आहे.

त्या अश्रूंचे पुढे काय झाले, हे पाहिल्यावाचून त्यांची किंमत ठरविता येत नाही. लाकडाची मोळी डोक्यावर चढत नाही म्हणून वाटेत अडलेल्या अस्पृश्य म्हातारीला हात दे, मग घरी येऊन अंघोळ कर, असे आई श्यामला सांगते. त्या आज्ञेत सोवळे आहे आणि सोवळ्याच्या पलीकडे जाणारी करुणाही आहे. मुलाने पुढे त्यातले सोवळे गाळले आणि करुणा ठेविली. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांस उघडावे म्हणून साने गुरुजींनी प्राण पणास लावून उपोषण केले आणि दार उघडले. आईपाशी वेळेवर पोहोचू न शकलेला मुलगा दुसऱ्यांच्या आयांसाठी देवाच्या दाराशी वेळेवर जाऊन बसला, असे म्हणण्याचा मोह येथे आवरत नाही. परंतु दुःखाने प्रत्येकास असे बळ मिळते असा सिद्धान्त त्यावरून काढू नये. ११ जून १९५० रोजी ह्याच माणसाने स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. ज्या मनाने इतरांचे दुःख इतके आपले केले, त्याला स्वतःच्या दुःखासाठी पुरेसा आधार मिळाला नाही, हेही ह्या इतिहासाचे एक पान आहे, आणि ते मुलांपासून दडवून ठेवण्यात हशील नाही.

१९५३ साली आचार्य अत्रे ह्यांनी ह्या पुस्तकावर चित्रपट काढला. राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्यास मिळाला, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या घरांतही श्याम पोहोचला. त्यानंतरच्या काळात प्रवासी आगबोटी बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली. मुंबईहून कुडाळला यावयास आता रात्र पुरते. २०१३ साली तारसेवाही संपली. बातमी आता क्षणात येते, आणि माणूसही दुसऱ्या दिवशी येऊ शकतो. तरी गणपती व शिमगा आटोपल्यावर किती वाड्यांतून दारांना कुलपे लागतात आणि किती घरांत पडवीवर एकटी म्हातारी उरते, हे ह्या किनाऱ्यावर राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. अंतर समुद्राने पाडले होते तेव्हा त्याला निमित्त होते. आता ते निमित्तही उरलेले नाही.

म्हणून हे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे, पण वडील माणसांनीही ते पुन्हा वाचावे. मुलांना त्यात आई दिसेल. मोठ्यांना त्यात आपण दिसू. एखाद्या घराची बखर लिहावयाची असेल तर त्यात कोण किती मोठा झाला ह्याबरोबर, कोण कोणापाशी वेळेवर पोहोचला, हेही लिहिले पाहिजे. साने गुरुजींनी ते लिहिले, आणि स्वतःविरुद्ध लिहिले. दर पिढीला आपल्या घरापुरती ती नोंद नव्याने करावयाची असते. पत्र लिहिण्याजोगी, भेटीस जाण्याजोगी माणसे घरी आहेत तोपर्यंतच तिच्यात दुरुस्ती करता येते.